वेडेल समुद्राचा गाळ

गाळ वर यायला कित्येक तास लागतात. जहाजाच्या मागून एक लोखंडी घसरगाडी पाण्यात सोडायची, तिला बारीक विणीच्या जाळ्या लावलेल्या. तळ पाच किलोमीटरवर असेल तर केबल त्याहून कितीतरी जास्त सोडावी लागते, कारण गाडीनं तळाला चिकटून आडवं सरकायला हवं. थोडा वेळ ती तळावर ओढायची आणि मग केबल गुंडाळायला घ्यायची. डेकवर गोठवणारी हवा. जाळीत आलेला राखाडी गाळ थंड समुद्राच्याच पाण्यानं चाळण्यांतून धुवायचा, तोही अगदी हलक्या हातानं. त्यातले बरेचसे जीव काही मिलिमीटरांचे असतात, त्यांचे पाय केसाहून बारीक असतात आणि जरा जोर लागला की तुटतात. चाळणीत उरेल ते तत्काळ गार केलेल्या अल्कोहोलमध्ये टाकायचं, नाहीतर त्यातला डीएनए खराब होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा काढायचा, आणि हे काम पुढे महिनोन्‌महिने चालतं.

‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरून २००२ ते २००५ या काळात तीन मोहिमांमध्ये असा गाळ गोळा केला गेला. जागा होती अंटार्क्टिकाला लागून असलेला वेडेल समुद्र आणि त्याच्या आसपासचा भाग, आणि खोली ७४८ मीटरपासून ६३४८ मीटरपर्यंत. मोहिमांचं नाव ‘अँडीप’, नेतृत्व आंगेलिका ब्रांट या प्राणिशास्त्रज्ञ बाईंचं. त्यांचा खास विषय आयसोपॉड, म्हणजे खेकडे-कोळंबीच्याच मोठ्या घराण्यातले छोटे, बहुधा चपटे, अनेक पायांचे प्राणी. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये या मोहिमांचे निष्कर्ष आले. आयसोपॉडचे १३ हजारांहून अधिक नमुने मिळाले होते, त्यांत ६७४ जाती निघाल्या. त्यांपैकी ५८५ विज्ञानाला आजवर माहीतच नव्हत्या. तोपर्यंत अख्ख्या अंटार्क्टिक भूखंडमंचावरून, म्हणजे खंडाभोवतीच्या तुलनेनं उथळ तळावरून, आयसोपॉडच्या ३७१ जातींची नोंद होती. शिवाय पॉलीकीट कृमींच्या दोनशेहून अधिक जाती, शिंपले आणि गोगलगाईंच्या १६०, स्पंजांच्या ७६.

मी प्राणिशास्त्र शिकलो तेव्हा आयसोपॉड हा पुस्तकातला जेमतेम अर्धा परिच्छेद होता. आपल्या बंदरांच्या ओल्या भिंतींवर आणि भरतीच्या रेषेजवळच्या खडकांवर माणसाची चाहूल लागताच फटीत पळणारे जे जीव असतात, ते याच गणातले. कोकणात वाढलेल्या कुणीही ते पाहिलेले असतात आणि त्यांच्याकडे क्वचितच कुणी निरखून बघितलेलं असतं. त्यांच्या दूरच्या नातलगांच्या ५८५ अनोळखी जाती एका गोठलेल्या समुद्राच्या तळातून निघाव्यात, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एवढ्या थंडीत, एवढ्या अंधारात, इतक्या दाबाखाली जीव कसा तग धरतो हा प्रश्न आहेच. मला त्याहून ओढ लागली ती दुसऱ्या प्रश्नाची: इतके वेगवेगळे कसे झाले?

खोल समुद्र रिकामा आहे ही समजूत जुनी आहे, आणि तिच्यामागे एका हुशार माणसाची मेहनत आहे. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञानं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. खोली वाढत जाईल तसे प्राणी कमी होत गेले, आणि त्यानं अनुमान काढलं की तीनशे फॅदमच्या, म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरच्या खाली जीवन संपत असावं. एजियन समुद्राचा खोल भाग मुळातच अन्नानं गरीब आहे. त्या एका समुद्राचा नियम साऱ्या जगाला लागला. गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत ब्रिटिश नौदलातला दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन अंटार्क्टिकाच्या बर्फात फिरत होता, आणि शेकडो मीटर खोलीवरून त्याच्या जाळ्यांत जिवंत प्राणी येत होते. कितीही खोलीवरून चिखल आणि दगड वर आणता आले तरी ते जीवांनी भरलेले असतील याबद्दल मला शंका नाही, अशा आशयाचं त्यानं लिहून ठेवलं. फोर्ब्सचं अनुमान मात्र पुढे दोन-अडीच दशकं मान्यता पावत राहिलं. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजानं फेब्रुवारी १८७४ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं, त्या दक्षिणेकडच्या फेरीतही खोल तळावरचे प्राणी वर आले, आणि वाद मिटला. तळ रिकामा नाही हे तेव्हा कळलं. तो किती भरलेला आहे हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं गेली, कारण जुन्या जाळ्यांची छिद्रं मोठी होती आणि तिथल्या विविधतेचा मोठा भाग त्या छिद्रांतून गळून जात होता.

थंडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याला ती अडचण वाटते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास असतं, खारं असल्यामुळे गोठत नाही एवढंच. पण ते वर्षभर तसंच असतं. उन्हाळा-हिवाळ्यात फरक पडतो तो उजेडात आणि अन्नात, तापमानात फारसा नाही. एकदा शरीर त्या एका तापमानाला जुळलं की थंडी जाच राहत नाही. उलट अशा पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो, आपल्या कोमट अरबी समुद्राच्या वरच्या थरापेक्षा दीडपटीहून जास्त. हाडमाशांच्या एका कुळानं, ज्यांना आइसफिश म्हणतात, याचा फायदा इतका घेतला की रक्तातलं हिमोग्लोबिनच सोडून दिलं. पृष्ठवंशी प्राण्यांत प्रौढपणी लाल रक्ताशिवाय जगणारे हे एकटेच. मोठं हृदय, रुंद रक्तवाहिन्या, आणि पाण्यासारख्या फिकट रक्तातच विरघळलेला प्राणवायू.

सागरी कोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. जमिनीवरच्या कोळ्यांशी यांचं नातं फार लांबचं. जगातल्या त्यांच्या जातींपैकी जवळपास पाचवा हिस्सा दक्षिण महासागरात आहे. आपल्याकडच्या जाती नखाएवढ्या, तिथल्या काहींच्या पायांचा पसारा अर्ध्या मीटरहून मोठा. धड इतकं चिमुकलं की आतडी पायांत शिरलेली. कल्ले नाहीत, फुप्फुसं नाहीत, प्राणवायू पायांच्या त्वचेतूनच आत झिरपतो. आणि पायांतली ही आतडी आकुंचन पावताना अन्न तर पुढे ढकलतातच, शरीरातला द्रवही फिरवतात. हृदयाचं अर्धं काम आतडी करतात. असा प्राणी एक-दीड किलोमीटर खोलीवर सावकाश पावलं टाकत चालताना व्हिडिओत दिसतो तेव्हा शरीर म्हणजे काय याबद्दलच्या आपल्या कल्पना किती तोकड्या आहेत ते जाणवतं. मी तो भाग पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघत बसतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. इतक्या जाती का?

एक कारण एकटेपणा. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास अंटार्क्टिका दक्षिण अमेरिकेपासून आणि ऑस्ट्रेलियापासून पुरता सुटा होत गेला, खंडाभोवती गोल फिरणारा प्रचंड प्रवाह तयार होत गेला, बर्फाचं आवरण चढलं. उत्तरेकडून येणाऱ्यांना वाट अवघड झाली आणि आत राहिलेल्यांना भरपूर वेळ मिळाला.

दुसरं कारण बर्फाच्या ये-जा करण्यात आहे, आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटतं. हिमयुगात खंडावरचं बर्फ समुद्रात पुढे सरकत भूखंडमंचाच्या कडेपर्यंत पोचायचं. वाटेतला तळ खरवडून निघायचा. तिथल्या प्राण्यांपुढे दोनच मार्ग: कुठेतरी बर्फ न पोचलेल्या एखाद्या कोपऱ्यात तग धरायचा, किंवा उतारावरून खोल समुद्रात उतरायचं. आपल्याकडे वरचं पाणी गरम आणि खालचं गार असतं, त्यामुळे उथळ पाण्यातल्या प्राण्याला खाली जाता येत नाही. तिथे वरपासून खालपर्यंत पाणी जवळजवळ सारखंच गार. जिना उघडा होता. हजारो वर्षं वेगवेगळ्या कोपऱ्यांत अडकलेले गट एकमेकांत मिसळले नाहीत, हळूहळू वेगळे झाले. बर्फ मागे हटलं तेव्हा काही वर परतले, काही खालीच राहिले, आणि भेटले तरी आता ते एका जातीचे उरले नव्हते. पुढच्या हिमयुगात पुन्हा तेच. अँड्र्यू क्लार्क आणि अ‍ॅलिस्टर क्रेम या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. बर्फाच्या प्रत्येक फेरीगणिक नव्या जाती घडत गेल्या, असं तिचं सार.

तिसरं कारण आयांचं. आयसोपॉडची मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखालच्या पिशवीत ती ठेवते, आणि पिल्लं बाहेर येतात ती छोट्या आयसोपॉडच्या रूपातच. अळी होऊन प्रवाहाबरोबर शेकडो मैल वाहत जाण्याचा टप्पा त्यांच्या आयुष्यात नाही. तिथल्या कितीतरी सी-अर्चिन (काटेरी गोळ्यांसारखे) आणि ब्रिटल स्टार (बारीक लांब हातांचे), हे तारामाशांचे नातलगही पिल्लं अंगावर सांभाळतात. थंडीत वाढ फार मंद असते, अंड्यातून पिल्लू व्हायला महिनोन्‌महिने जातात, आणि अन्नाचा हंगाम तर छोटा. अशा ठिकाणी पिल्लाला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा जवळ ठेवणं परवडतं. पण जो जन्मला तिथेच राहिला, त्याचे वंशज शेजारच्या दरीतल्या वंशजांपासून तुटतात. अँडीपच्या आयसोपॉडमधल्या अनेक जाती एखाद्याच ठिकाणी सापडल्या. मुलं जवळ ठेवणाऱ्या आयांनी हे वैविध्य घडवलं, असं म्हणायला मला आवडतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे.

सगळ्यांनाच हे लागू नाही. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांपैकी काही उत्तर ध्रुवाजवळच्या तळावर आणि वेडेल समुद्राच्या तळावर एकच आहेत. मध्ये हजारो किलोमीटरचं अंतर, तरीही डीएनए जवळजवळ सारखा. पाण्यानं सहज वाहून नेता येतील अशा जीवांना पृथ्वीचा तळ एकच आहे.

भूखंडमंचावर, पाचशे मीटरच्या आसपास, दृश्य पालटतं. एवढ्या खोलीला भूखंडमंच म्हणणं आपल्याला विचित्र वाटेल, आपला तर दोनशे मीटरच्या आतच संपतो. पण तिथे डोक्यावर खंडभर बर्फाचं ओझं आहे आणि हिमनद्यांनी तळ खोल खणलेला आहे. या तळावर काचस्पंजांची वनं आहेत. त्यांचा सांगाडा सिलिकाच्या सुयांचा, म्हणजे खरोखरच काचेचा. काही माणसाहून उंच होतात. मेले की सुया खाली पडतात आणि त्यांचा जाड गालिचा तयार होतो, त्यात कृमी, गोगलगाई, चिमुकले शिंपले राहतात. हे स्पंज अतिशय सावकाश वाढतात अशी सर्वांची समजूत होती. मग १९९५ मध्ये लार्सन ए हा हिमफलक, म्हणजे खंडाला जोडलेला आणि समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर, कोसळला. त्याच्याखालचा अंधारा तळ उघडा पडला आणि वरून शेवाळाचं अन्न पडू लागलं. २००७ ते २०११ या चार वर्षांत तिथल्या काचस्पंजांची संख्या तिप्पट झालेली आढळली. सावकाशपणा हा त्यांचा स्वभाव नव्हता, उपाशीपण होतं.

या वस्तीत कुणाची तरी अनुपस्थिती जाणवते. आपल्या खाडीत कुर्ली कालवं आणि तिसऱ्या फोडून खाते, पाकट-मुशीसारखे मासे घिरट्या घालतात, म्हणून शिंपल्यांनी कवचं जाड केली, गाळात लपायला शिकले. अंटार्क्टिकाच्या तळावर कवच फोडणारे खेकडे आणि शार्क कोट्यवधी वर्षं जवळजवळ नाहीतच. फार थंडीत खेकड्यांच्या रक्तातलं मॅग्नेशियम त्यांना सुस्त करून टाकतं. त्यामुळे ब्रिटल स्टार उघड्यावर दाटीवाटीनं हात पसरून बसतात, पिसांसारख्या भुजांचे क्रिनॉइड निर्धास्त डोलतात, शिंपल्यांची कवचं पातळ. पृथ्वीवर फार पूर्वी उथळ समुद्र असे दिसत असतील असं जीवाश्म अभ्यासणारे सांगतात. आणि म्हणूनच २०१० मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या पामर डीप या खोलगट भागात राजखेकड्यांची मोठी वस्ती कॅमेऱ्यात दिसली तेव्हा अभ्यासक हादरले. पाणी एखाद्या अंशानं तापलं की हे खेकडे वर चढू शकतात. पातळ कवचं आणि उघड्यावरचं बसणं ही तिथल्या प्राण्यांनी लाखो वर्षांत जमवलेली राहणी आहे, ती बदलायला त्यांना एखादं शतक पुरणार नाही.

बर्फाखाली आणखी काय आहे ते आत्ता कुठे दिसू लागलंय. फिल्चनर-रॉने हिमफलकावर ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी सुमारे नऊशे मीटर बर्फ भेदून छिद्र पाडलं, त्यांना तळाच्या गाळाचा नमुना हवा होता. नळी एका दगडावर आपटली. कॅमेऱ्यात पाहिलं तर उघड्या समुद्रापासून २६० किलोमीटर आत, कायमच्या अंधारात, त्या दगडावर स्पंज आणि देठांवर उभे असलेले दुसरे जीव चिकटून होते. २०२१ मध्ये हे जाहीर झालं. त्यांना अन्न नेमकं कसं पोचतं हे कोडं आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर संधीच चालून आली. जॉर्ज सहावा या हिमफलकापासून १३ जानेवारीला सुमारे ५१० चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. ‘फाल्कोर टू’ हे जहाज जवळच दुसऱ्या कामावर होतं. पॅट्रिशिया एस्केते आणि साशा माँतेली यांच्या चमूनं सगळा बेत बदलला आणि २५ जानेवारीला ते उघड्या पडलेल्या तळावर पोचले. तेराशे मीटरपर्यंत दूरनियंत्रित पाणयान उतरवलं. मोठाले प्रवाळ, मोठाले स्पंज, आइसफिश, सागरी कोळी, ऑक्टोपस. स्पंजांचा आकार पाहता ही वस्ती दशकानुदशकं, कदाचित शेकडो वर्षं तिथे असणार. डोक्यावर दीडशे मीटर बर्फ असताना.

वेडेल समुद्रात तर २०२१ च्या फेब्रुवारीत ‘पोलारस्टर्न’च्या कॅमेऱ्याखालून आइसफिशची घरटी सरकायला लागली ती संपेचनात. प्रत्येक घरटं पाऊण मीटर रुंदीचा वाटोळा खळगा, मध्यभागी अंडी, आणि बहुतेकांवर एकेक मासा राखण करत बसलेला. अंदाजे २४० चौरस किलोमीटरवर सहा कोटी घरटी. शंभर वर्षांहून अधिक काळ जहाजं या समुद्रात जात-येत होती.

या प्राण्यांच्या अंगात आपल्याही भविष्याची माहिती दडलेली आहे. टर्केट नावाचा एक छोटा ऑक्टोपस अंटार्क्टिकाभोवती तळावरच राहतो, फार लांब जात नाही. वेडेल, अमुंडसेन आणि रॉस या समुद्रांतल्या त्याच्या गटांच्या डीएनएची तुलना २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. आज त्यांच्यामध्ये पश्चिम अंटार्क्टिकाची अवाढव्य हिमचादर आडवी आहे. तरी सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात हे गट एकमेकांत मिसळल्याच्या खुणा त्यांच्या जनुकांत सापडल्या. याचा अर्थ तेव्हा ती चादर कोसळली होती आणि मधून समुद्र वाहत होता. पृथ्वीचं तापमान त्या काळी आजच्याच आसपास होतं. मुंबईत, वसईत, पणजीत राहणाऱ्या कुणालाही हे लागू पडतं.

आणि आपलं नातं नुसतं धोक्याचं नाही. वेडेल समुद्रावर बर्फ गोठताना मीठ बाहेर टाकलं जातं, मागे उरलेलं अतिथंड, खारट, प्राणवायूनं भरलेलं पाणी जड होऊन तळाशी बसतं आणि तिथून उत्तरेकडे सरकतं. वाटेत इतर पाण्यात मिसळत, सागरी पर्वतरांगांमधल्या खिंडींतून ते हिंदी महासागरात शिरतं आणि अखेर अरबी समुद्राच्या तळाशी पोचतं. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंतचा थर प्राणवायूला जवळजवळ मुकलेला आहे. त्याच्याखाली, आणखी खोल गेलं की, प्राणवायू पुन्हा वाढतो आणि तापमान दोन अंशांच्या जवळ येतं. ते दक्षिणेकडून आलेलं पाणी. गोव्याच्या पश्चिमेला तीन-चार किलोमीटर खोलीवर जे कृमी आणि आयसोपॉड गाळात राहतात, ते अंटार्क्टिकानं पाठवलेल्या श्वासावर जगतात. वेडेल समुद्रात असं तळपाणी तयार होणं गेल्या तीन दशकांत कमी होत चालल्याच्या नोंदी आहेत.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि तिचे प्रमुख सय्यद झहूर कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञ होते. पुढे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले तळजीवांचे अभ्यासक अ. ह. पारुळेकर यांनीही एका मोहिमेचं नेतृत्व केलं. गाळ चाळून जीव मोजणारी माणसं आपल्याकडे तेव्हापासून आहेत. आज अशा माणसांची चणचण सगळ्या जगात आहे. नवी जात सापडणं आणि तिचं वर्णन होऊन तिला नाव मिळणं यांत वर्षानुवर्षं जातात. एखादा आयसोपॉड ओळखायचा तर त्याच्या जबड्याच्या, पायांच्या काट्यांच्या बारकाव्यांपर्यंत चित्रं काढावी लागतात, आणि हे शिकायला येणारी मुलं दरवर्षी कमी होताहेत. आपल्या विद्यापीठांनी वर्गीकरणशास्त्राला पुन्हा मानाची जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं.

अंटार्क्टिक समुद्रांच्या रक्षणाचे निर्णय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात होतात, आणि तिथे भारत सदस्य आहे. रॉस समुद्रातलं सुमारे साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र याच आयोगानं ठरवलं, ते डिसेंबर २०१७ पासून लागू झालं. वेडेल समुद्रासाठीचा प्रस्ताव २०१६ पासून मांडला जातोय. आइसफिशची ती सहा कोटी घरटी त्याच्याच हद्दीत येतात. २०२१ मध्ये भारतानं या प्रस्तावाला सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा जाहीर केला. आयोगाचा नियम एकमताचा आहे, एक-दोन देश अडून बसले की विषय पुढच्या वर्षावर जातो, आणि तसा तो जात राहिला आहे. दर ऑक्टोबरमध्ये बैठकीच्या बातम्या मी शोधून वाचतो. आपल्या वृत्तपत्रांत त्या क्वचितच असतात.